काशीला सोडलेलं

सीताफळ पानावर खिरीशेजारी वाढायचं की चटणीशेजारी, यावरून सकाळपासून घरात वाद पेटला होता, आणि गंमत म्हणजे सीताफळ अजून घरात आलंच नव्हतं.

"गुरुजींनी सांगितलंय," तात्यासाहेब बजावत होते, "माणूस गेलं की त्याचा नेमबी संपला. वर्षश्राद्धाला त्याच्या पानावर सोडलेली वस्तू वाढायची, म्हंजे वासना उरत नाय. परवा आईच्या पानावर सीताफळ पायजे म्हंजे पायजे."

"मी कुठं नाय म्हणते?" सुरेखाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "पण कुठं वाढू ते तर सांगा. नंतर पुन्हा माझ्याच नावानं खडे फोडाल."

त्यांची लेक सायली दोघांचं ऐकत दारात उभी होती. ती वाळूजच्या एका कंपनीत औषधांचे नमुने तपासायची, पण त्याच्या आधीपासून, अगदी लहानपणापासून, तिला प्रश्न पडायचा रोग होता. आणि आजी अशी, की विचारलं तर उत्तर नाही, नाही विचारलं तर भाषण. दोघींचं जमलं ते त्यामुळंच असावं. सायली स्कूटी शिकली ती आजीला मागं बसवून. "पडलो तर दोघी पडू," चतुराबाई म्हणाल्या होत्या, "म्हंजे तुला एकटीला बोलणी बसायची नाय." आणि पडल्याच दोघी, गजानन मंदिराच्या अलीकडं. गुडघा फुटलेला असताना आजी रस्त्यावर बसून हसत होती. अशा बाईला जाऊन आता वर्ष होत आलं होतं, आणि सायलीला अजून कंपनीतून आल्यावर फाटकापाशी मशेरी लावत बसलेली आजी दिसायची.

चतुराबाईंनी काशीला सीताफळ सोडलं, ही त्या घरातली सर्वमान्य गोष्ट होती. काशीला गेलेल्या माणसानं आवडीची एखादी खायची वस्तू गंगेवर सोडून यायची, जन्मात पुन्हा तिला तोंड लावायचं नाही, आणि काय सोडलं ते घरच्यांपुढं बोलायचं नाही, अशी रीत. आजोबांचं वर्ष झालं तेव्हा तात्यासाहेब आईला यात्रेच्या बसनं काशीला घेऊन गेले. घाटावर आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. "काय सोडलंस?" असं विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" पुढं सीताफळांचे दिवस आले. तात्यासाहेबांनी दौलताबादकडून पाटीभर फळं आणली, तर आईनं नुसता हात हलवला. नको.

झालं! तात्यासाहेबांना उलगडा झाला. पाटी तशीच शेजारच्या अजराकडं गेली आणि घरात हुकूम सुटला, की ह्या उंबऱ्याच्या आत सीताफळ यायचं नाय, आईच्या डोळ्यांसमोर दिसायला नको. तेव्हापासून पुंडलिकनगरातल्या त्या घरात सीताफळाची बीसुद्धा पडली नव्हती.

"नानाकाकाला फोन लावला का?" सायलीनं विचारलं.

तात्यासाहेबांनी जरा घुटमळत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ओट्यावर ठेवला. धाकटा भाऊ नानासाहेब सिल्लोडला होता, जळगाव रस्त्यावर त्याचं हॉटेल.

"नाना, परवा सकाळी लौकर निघ."

"मी येत नाय, तात्या. सत्यमला धाडतो."

"आरं, पोराला धाडून कसं चालंल? आईचं वर्षश्राद्ध हाय!"

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला. "तात्या, तुम्हाला ठावं हाय सगळं. आई वर्षातनं दोनदा माझ्याकडं यायची, चार दिस राहायची. बायकोनं थापलेली भाकर दुधात कुस्करून खायची. आन मी केलेलं कालवण पुढं आलं की ताट सरकवायची. पाव्हण्यारावळ्यांसमोर! काशीहून आली तवापासून ते जाईस्तोवर. बायकोचा हात चालतो, माझा चालत नाय. ह्याचा अर्थ काय व्हतो? आपले वडील म्हणायचे, पाटलाचा पोरगा हाटेल टाकून लोकांची उष्टी काढतो. ते तोंडानं म्हणायचे, ती ताटानं म्हणायची. जित्तेपणी जिनं माझ्या हातचा घास घेतला नाय, तिला मेल्यावर कोणत्या तोंडानं वाढू?"

"नाना, ऐक..."

"तुम्ही हाय ना कर्ते? करा." फोन बंद झाला.

तात्यासाहेब बराच वेळ फोनकडं बघत राहिले. "लोकं काय म्हणतील," एवढंच म्हणाले, पण आवाज लोकांची काळजी असल्यासारखा नव्हता. आजीच्या अंत्यविधीलाही नानाकाका लांब लिंबाखाली उभा होता आणि एक टिपूस त्यानं गाळलं नव्हतं. आता श्राद्धालाही आला नाही तर तो ह्या घरातून कायमचाच गेला, हे तिघांनाही कळत होतं.

सायलीच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र फिरायला लागलं. रुसलेलं माणूस मुक्कामाला कशाला जाईल? तेही वर्षातनं दोनदा, चार चार दिवस? आजी ज्याच्यावर रागवायची त्याच्या दारावरून जायची नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं एकदा जुनी डाळ दिली, तर ती शेवटपर्यंत लांबच्या दुकानात चालत गेली. आणि एका घरात एकीच्या हातची भाकर चालते, दुसऱ्याच्या हातचं कालवण चालत नाही, हा कसला राग?

निदान सीताफळाचं तरी बघावं म्हणून ती शेजारी गेली.

अजराखाला पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करत बसली होती. नवरा गयासभाई दुकानावर, पोरं आपापल्या कामाला. आजीचं दुपारचं बसणं वर्षानुवर्षं इथंच होतं.

"खाला, चांगली सीताफळं कुठं मिळतील? आजीच्या पानावर वाढायचीत. काशीला सोडली होती ना तिनं."

अजराखालाचं मशीन थांबलं. तिनं चष्मा कपाळावर चढवला. "किसने बोला?"

"म्हणजे? सगळ्यांना माहीतय. तात्या म्हणतात."

आणि अजराखाला जी हसायला लागली, ती मांडीवरची साडी खाली घसरेपर्यंत. "या अल्ला! अगं, तुझी आजी दर साली माझ्याकडं सीताफळं खायची! इथं, ह्याच चौरंगावर बसून. हौ! पदरात बिया गोळा करायची आन जाताना मलाच द्यायची, तुमच्या अंगणात पडू नये म्हणून."

सायली चौरंगापाशी बसली. "पण तात्यांनी पाटी आणली तेव्हा नको म्हणाली ती!"

"त्या दिवशी दाढ काढली होती ना तिची! मीच घेऊन गेले होते. तोंड ये इतना सुजलेलं. दोन दिवसांनी आली आन हळूच विचारते, अजरे, ती पाटी हाय का संपली?"

आता सायलीलाही हसू आवरेना. एवढी वर्षं अख्खं घर आजीसाठी उपाशी, आणि आजी भिंतीपलीकडं बसून ताव मारतेय! हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग एकदम प्रश्न आला. "मग तिनं तात्यांना सांगितलं का नाही, की सीताफळ नव्हे म्हणून?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बापानं पुढचं विचारलं नसतं का, मग काय सोडलं? अम्मा बोलायची, राहू दे त्याला सीताफळात गुंतून. त्याला समाधान आन मला सुटका."

"मग काय सोडलं होतं, खाला?"

"मेरेकू क्या मालूम," अजराखाला म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा आधीच ओवलेला होता.

"खाला."

"नक्को बेटी. कसम घातलीय."

सायली तिच्या शेजारी चौरंगावर सरकली. नानाकाकाचा फोन, त्याचं बोलणं, परवा तो येणार नाही हे सगळं तिनं सांगितलं. अजराखालाचं हसू कुठल्या कुठं गेलं. "नाना येत नाय? अम्माच्या कामाला नाना येत नाय?" तिनं साडी बाजूला ठेवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "कसम घातली होती ती जीव हाय तोवरची. अब तो..."

"सांग ना खाला."

"नानाच्या हातचं," अजराखाला म्हणाली. "नाना जे काही शिजवंल ते. ते सोडलं तिनं काशीला."

"तुला काय वाटतं, तुझ्या आजीला सीताफळ आवडायचं? ते तर सगळ्यांनाच आवडतं. तिला आवडायचं नानाचं घुटं. उडदाची डाळ शिजवून घोटतात ना, ते. टायफॉइड झाला होता तिला, नाना पोरगं होतं तेव्हा. घरात लेक नाय, तात्या शिकायला इकडं हॉस्टेलात. चुलीपाशी कोण? नाना. त्यानं घोटून घोटून डाळ केली आन आईला पाजली. तिथून त्याचा हात बसला. अम्मा बोलायची, जग फिरले, पण माझ्या नान्याच्या हाताची चव कुठं नाय. काशीला तो पंडित बोलला, सगळ्यात आवडती चीज सोडा. अम्मा बोलली, मी सीताफळ म्हणणार व्हते, पण गंगा काय खुळी हाय? आन नुसतं घुटं सोडलं तर नान्या उद्या वांगं करंल, ते बी तसंच लागंल. म्हणून त्याच्या हातचं सगळंच सोडलं."

"पण का? कशासाठी?"

"हाटेल चालत नव्हतं त्याचं. गिऱ्हाईक नाय, आन बाप जाईपर्यंत शिव्या घालत होता. अम्मानं गंगेला मागितलं, माझ्या तोंडची चव घे आन लोकांच्या तोंडाला दे."

सायलीला राग आला. आजीवर राग यायची ही तिची पहिलीच वेळ असेल. "आणि काकाचं तोंड दिसत नव्हतं का तिला? ताट सरकवताना?"

"दिसत होतं गं! सिल्लोडहून आली की आधी इथं येऊन रडायची. पोरगं झुरतं म्हणायची. मी बोलले, अम्मा, बता दो ना. तर म्हणायची, अजरे, सांगितलं तर त्याच दिवशी कुलूप ठोकंल. म्हणंल, आईच्या तोंडचं काढून मला धंदा नको. मी त्याला वळखते."

"आणि तुला कसं सांगितलं? सांगायचं नसतं ना?"

अजराखालाच्या ओठांवर पुन्हा हसू फुटलं, पण डोळे पुसत. "बोलली, आमचा देव काय तुझ्या घराकडं बघत नाय. मी बोलले, अम्मा, हमारा तो देखता ना!"

घरी येऊन सायलीनं सगळं सांगितलं. तात्यासाहेबांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा: "दाढ काढली व्हती?"

"अहो, दाढेचं काय घेऊन बसलात?" सुरेखाबाई कडाडल्या. "पोरगी काय सांगतेय! त्या माणसानं इतकी वर्षं काळीज जाळलं!"

"तसं नाय गं." तात्यासाहेब खुर्चीत मागं टेकले. "मी तिच्याबरोबर घाटावर व्हतो. बाजूला उभा व्हतो. आन मला काय समजलं तर सीताफळ."

सुरेखाबाईंनी जरा दम खाल्ला आणि मग नवऱ्याला त्याच्याच शब्दांत पकडलं. "तुमच्या गुरुजींचंच म्हणणं ना, सोडलेली वस्तू पानावर वाढायची? मग आता ती काय बाजारात मिळतेय? भावालाच आणावं लागंल."

"फोन करतो मी."

"फोनवर नका सांगू. जा तुम्ही."

तात्यासाहेबांनी त्या हॉटेलात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बाप जिवंत होता तोवर बापाच्या भीतीनं, आणि बाप गेल्यावर सवयीनं. सरकारी नोकरीतला थोरला भाऊ, तो सिल्लोडला गेला तरी नानाच्या घरी चहा पिऊन परत यायचा. दुसऱ्या दिवशी सायली गाडी चालवत होती आणि ते शेजारी बसले होते. फुलंब्री मागं पडल्यावर म्हणाले, "तूच सांग त्याला. मला जमायचं नाय."

हॉटेलासमोर कापसाच्या गाड्या लागलेल्या. आत बसायला जागा नव्हती. नानाकाका भट्टीपुढं, कमरेला पंचा, हातात डाळ घोटायची रवी. दारात थोरला भाऊ बघून त्याचा चेहरा उतरला.

"तात्या? काय झालं? वहिनी बऱ्या हायेत ना?"

"बरी हाय," तात्यासाहेब म्हणाले आणि खांबाला धरून उभे राहिले.

सायलीनं काकाला मागच्या बाजूला, सरपणाच्या ढिगाशी नेलं आणि सांगितलं. दाढेपासून गंगेपर्यंत, जसं ऐकलं तसं. आजीचे शब्द आजीच्याच आवाजात तिच्या तोंडून निघत गेले. नानाकाका खाली मान घालून ऐकत होता. रवीवरची डाळ त्याच्या पायावर ठिबकत होती, ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

"रडायची?" त्यानं विचारलं.

"हो."

"अजराकडं?"

"हो, काका."

"माझ्यापुढं तर दगडासारखी बसायची. खरंच कुलूप लावलं असतं म्या. बरोबर वळखलं तिनं."

आतून कुणीतरी ओरडलं, दोन घुटं, चार भाकरी. नानाकाकानं डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि आत जाऊन वाढायला लागला. तात्यासाहेब अजून खांबापाशीच होते. त्यांच्याजवळून जाताना न थांबताच तो म्हणाला, "तुम्ही व्हा म्होरं. उद्या येतो मी."

श्राद्धाच्या सकाळी तो बायको-पोराला घेऊन आला, आणि आपलं पातेलं, आपली रवी, आपल्या शेतातले उडीद. "वहिनी, जरा सरका," म्हणून त्यानं ओट्याचा ताबा घेतला. श्राद्धाचा स्वयंपाक म्हणून लसूण घातला नाही, जिरं आणि हिंगावर भागवलं. तरी असा वास सुटला, की गुरुजी मंत्र म्हणता म्हणता एकदा स्वयंपाकघराकडं बघून आले. अजराखालानं सकाळीच टोपलीभर सीताफळं धाडली होती. ती कुठं वाढायची यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सुरेखाबाईंनी जागा दिसली तिथं ठेवून दिली.

पिंड झाले. दोन्ही भावांनी मिळून पाणी सोडलं. चतुराबाईंच्या फोटोपुढं पान मांडलं, त्यावर खीर, वडे, कढी, भाज्या, भात असं सगळं आलं. मधोमध थोडी जागा राखून ठेवलेली.

"नाना," तात्यासाहेब म्हणाले, "आण. पहिलं आईला."

नानाकाका पातेलं घेऊन पानापाशी आला. पळी भरली. सायलीचे हात आपोआप जोडले गेले. आणि त्यानं पळी परत पातेल्यात सोडली.

"नाय, तात्या."

"आरं, असं काय करतो? देहाबरोबर नेम संपला. विचार गुरुजींना!"

"तिच्याकडनं संपला असंल." नानाकाकाचा आवाज हळू होता, पण प्रत्येकाला ऐकू गेला. "मी पुढं ठेवायचो, वास तिच्या नाकात जायचा, तरी ती ताट सरकवायची. एवढी वर्षं पाळलं. आता तिला नको म्हणता येत नाय. ताट सरकवता येत नाय. अशा टायमाला मी वाढू? तिनं जलमभर राखलेलं मी माझ्याच हातानं मोडू?"

गुरुजींनी घसा खाकरला, "शेवटी भाव महत्त्वाचा," असं काहीसं पुटपुटले आणि पोथी आवरायला लागले. तात्यासाहेब भावाकडं बघत राहिले. आईला तोच खरा ओळखत होता, हे त्यांच्या तोंडावर उघड दिसत होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मधली जागा तशीच रिकामी राहिली.

"चला," नानाकाका म्हणाला, "बाकीचे बसा. तुम्ही तर काशीला काय सोडलं नाय ना?"

त्यावर हशा पिकला, घर जरा मोकळं झालं. पंगत बसली. नानाकाका वाकून वाकून वाढत तात्यासाहेबांपाशी आला आणि क्षणभर थांबला. थोरल्यानं ताट पुढं केलं.

तात्यासाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, घुट्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता ते थांबले. सायली समोरच बसली होती. तिनं बापाचा चेहरा बदलताना पाहिला. हे माणूस साठी ओलांडलेलं, पण घास तोंडात धरून लहान पोरासारखं बघत होतं.

"नान्या," त्यांनी घास गिळला. "हे सोडलं व्हय रे तिनं?"

नानाकाकानं मान हलवली. आईच्या अंत्यविधीला न रडलेला, वर्षभर न रडलेला तो माणूस भर पंगतीत, पातेलं पोटाशी धरून, हमसून हमसून रडायला लागला.

तात्यासाहेबांनी त्याला गप्प केलं नाही. डाव्या हातानं त्याचा पंचा धरून त्याला खाली आपल्याशेजारी बसवलं आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"वाढ अजून," ते म्हणाले.